जुनी गाडी आणि काटकसरीची हद्द

काटकसर हा गुण आपल्या समाजात इतका सर्वमान्य आहे की त्याची चिकित्सा करण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. उधळ्या माणसास नावे ठेवणारे घरोघर सापडतात; काटकसरी माणसास फार तर कंजूष म्हणून थट्टेवारी नेतात, परंतु त्याने कोणाचा अपराध केला असे कोणी म्हणत नाही. ॲरिस्टॉटलनेही उधळेपणा आणि चिक्कूपणा ह्यांच्या मध्ये औदार्याचे स्थान दाखविताना मुख्यतः द्रव्य देण्याघेण्याचाच विचार केला आहे. पण काटकसरीचा एक प्रकार असा आहे की ज्यात पैसा वाचतो एकाचा आणि जोखीम पडते दुसऱ्याच्या अंगावर. पावसाळ्यापूर्वी कौले चाळून घेण्याचे लांबणीवर टाकणारा मनुष्य स्वतःच भिजतो. परंतु रस्त्याकडेची पडकी भिंत तशीच राहू देणाऱ्याच्या अंगावर थेंबही पडत नाही, चिरडला जातो तो वाटसरू. ह्या दोहोंना आपण काटकसर हे एकच नाव देतो, हा दोष भाषेचा म्हणावा की विचाराचा?

हा विचार आमच्या मनात घोळू लागण्यास निमित्त झाले ते एका पत्राचे. इंग्लंडात नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने १९७२ सालची एक एम. जी. बी. विकत घेतली आहे. ही दोन आसनांची, उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत असे, आणि बंद टपाचा प्रकार धरून तिची संख्या पाच लाखांवर गेली. दिसावयास देखणी, दुरुस्तीस सोपी, सुटे भाग आजही मिळतात. तेव्हा बेताच्या मिळकतीच्या हौशी माणसाचा जीव तिच्यावर जडावा ह्यात नवल नाही. विद्यार्थी लिहितो की गाडी धावते झकास, पण थांबते नाखुशीने. ब्रेक सुधारावयास हवेत आणि हाती पैसे थोडे आहेत. त्याच्या परिचितांत दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष म्हणतो, शर्यतीच्या गाडीस लावतात तसा मोठा ब्रेकसंच बसव, ते झेपत नसेल तर गाडी विकून टाक. दुसरा म्हणतो, इतकी वर्षे चालली ती आणखी चालेल. शेवटी तो विचारतो, "सर, अशा बाबतीत कमी खर्चाचा विचार मनात आणणे हेच मुळी गैर आहे काय?" प्रश्न नीतीचा आहे खरा, परंतु गाडी कशाने थांबते हे नीट समजून घेतल्यावाचून त्याचे उत्तर देता येईल असे आम्हांस वाटत नाही. नीतिशास्त्रावरील पुष्कळसे लिखाण निर्जीव होते ते तपशिलाचा कंटाळा केल्यामुळेच.

गाडी थांबविणे म्हणजे गती नाहीशी करणे नव्हे. गतीचे उष्णतेत रूपांतर करणे होय. एक हजार किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने चालली असता तिच्या ठायी जी ऊर्जा असते, तीत सुमारे सव्वा लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येईल. घरच्या शेगडीस ह्या कामास पाचसहा मिनिटे लागतात. ब्रेकांनी ते चार सेकंदांत करावे अशी आपली अपेक्षा असते. कठोपनिषदातील रथास लगाम आहे, ब्रेक नाही. कारण घोडा हा स्वतः थकणारा, भिणारा आणि थांबू शकणारा प्राणी आहे. इंजिनास थांबण्याची इच्छा कधीच होत नाही. त्यामुळे ही उष्णता कोठे तरी जिरवावी लागते. एम. जी. बी.च्या पुढल्या चाकांत ती लोखंडी चकत्यांत जिरते आणि मागल्या चाकांत ड्रममध्ये.

आता पहिल्या पक्षाचा मोठा ब्रेकसंच घ्या. अधिक व्यासाच्या चकत्या, चारचार पिस्टनांचे तांबडे रंगविलेले कॅलिपर, चाकांच्या आऱ्यांतून ऐटीत दिसणारे. त्यांनी गाडी लवकर थांबते असा सार्वत्रिक समज आहे. पण गाडी शेवटी थांबते ती चकतीमुळे नव्हे. टायर जमिनीस धरून राहतो म्हणून. प्रत्येक टायरचा जमिनीस टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा असतो, आणि त्या चार तळहातांची पकड संपली की चाक फिरावयाचे थांबून घसरू लागते. मूळचे ब्रेक चाक जाम करण्याइतके समर्थ असतील, आणि निरोगी असताना ह्या गाडीचे तसे आहेतच, तर त्याहून बलवान ब्रेक लावून एका वेळचे थांबणे तसूभरही कमी होत नाही. मोठ्या चकतीचा खरा उपयोग पुन्हा पुन्हा थांबण्यात आहे. ती अधिक उष्णता पोटात घेते आणि लवकर निवते. १९५३ साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जग्वार गाड्या चकतीच्या ब्रेकांवर जिंकल्या. लांबलचक सरळ रस्त्याच्या टोकास, फेरीमागून फेरी, जबर वेग उतरवावयाचा हे तेथील काम होते. ज्यास आल्प्सचे घाट उतरावयाचे आहेत किंवा शर्यतीच्या मैदानावर जावयाचे आहे, त्याने असा संच जरूर घ्यावा. रविवारी सकाळी गावाबाहेरच्या रस्त्याने चहाच्या दुकानापर्यंत जाणाऱ्यास तो दागिना आहे. दागिन्यास आमचा विरोध नाही. मात्र त्यास औषध म्हणू नये.

जुन्या गाडीच्या ब्रेकांस जे रोग जडतात ते बहुतेक डोळ्यांस न दिसणारे असतात. आपल्याकडे ज्यास सरसकट ब्रेक ऑइल म्हणतात ते वस्तुतः तेल नव्हेच. ते ग्लायकोल जातीचे द्रव असून हवेतील ओलावा शोषून घेण्याची त्यास मोठी आवड असते. डॉट ४ ह्या प्रतीचे नवे द्रव २३० अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे. त्यात शेकडा ३.७ इतके पाणी मुरले की ही मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक तापले की असे ओलसर द्रव उकळते, नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पायाखालचे पेडल काही एक न करता थेट तळाशी जाते. त्या क्षणापर्यंत चालकास काहीही जाणवलेले नसते. रबरी नळ्यांचे तसेच. बाहेरून धडधाकट दिसणारी नळी आतून सुजून अरुंद होते. पाय उचलल्यावर द्रव परत येत नाही आणि एक चाक ब्रेक धरूनच फिरत राहते. पुष्कळ दिवस उभ्या असलेल्या गाडीत कॅलिपरचे पिस्टन गंजून अडकतात, मग एका बाजूस ब्रेक लागतो व दुसऱ्या बाजूस लागत नाही, आणि ओल्या रस्त्यावर गाडी एकीकडे ओढते. मागल्या ड्रममधील लायनर झिजत जातात तसे त्यांचे अंतर ह्या गाडीत हातानेच जुळवून घ्यावे लागते. ते न केल्यामुळे पेडल खोल जाते आणि मालक समजतो की आपले ब्रेक दुबळे झाले. टायरांची गोष्ट तर अधिकच फसवी आहे. थोडी फिरणारी गाडी टायर झिजवीत नाही. नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर वर्षांनी कडक होते आणि ज्या पकडीवर सारे अवलंबून आहे तीच नाहीशी होते.

ह्या साऱ्यावर उपाय काय? नवे द्रव, आणि दर दोन वर्षांनी ते पुन्हा बदलणे, नव्या नळ्या, अडकलेले पिस्टन सोडवून नव्या सीलांसह बसविणे किंवा कॅलिपरच बदलणे, साध्या रस्त्यास योग्य असे चांगले पॅड, मागल्या ब्रेकांची जुळणी, आणि चार चांगले टायर. ह्यातील टायर सोडले तर एकही वस्तू महाग नाही, आणि सर्व मिळूनही त्या दागिन्याच्या संचाहून स्वस्त पडण्याचाच संभव अधिक. पॅडांविषयी एक सूचना करावीशी वाटते. शर्यतीचे पॅड घेण्याचा मोह होतो. पण ते तापल्यावाचून धरीत नाहीत, आणि घराबाहेरच्या पहिल्याच चौकात ते थंड असतात.

येथवर आल्यावर विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे रूपच बदलते. स्वस्त उपाय हाच बहुतांशी योग्य उपाय आहे असे दिसल्यावर काटकसरीवरचा आरोप गळून पडतो काय? आमच्या मते नाही. तो फक्त आपली जागा बदलतो. विल्यम क्लिफर्ड ह्या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यात एका जहाजमालकाचा दृष्टांत आहे. जहाज जुने, वारंवार डागडुजी लागलेले. प्रवासी घेऊन ते निघण्याच्या बेतात असता मालकाच्या मनात शंका येतात. तपासणीस खर्च आहे. तो शंका दडपतो. जहाजाने आजवर किती वादळे सोसली हे आठवतो, ईश्वरावर हवाला ठेवतो, आणि अखेर त्याचा खरोखरच विश्वास बसतो. जहाज बुडते. क्लिफर्ड म्हणतो, मालकाचा विश्वास प्रामाणिक होता हे खरे, पण तसा विश्वास ठेवण्याचा त्यास अधिकार नव्हता. आणि जहाज सुखरूप पोचते तरीही तो तितकाच दोषी ठरता.

"इतकी वर्षे चालली ती आणखी चालेल" म्हणणारा दुसरा पक्ष हाच तो जहाजमालक, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. परंतु आम्हांस अधिक विचार करावासा वाटतो तो पहिल्या पक्षाचा. क्लिफर्डच्या मालकाने पैसा वाचविण्यासाठी शंका दडपली. पण पैसा खर्च करूनही शंका दडपता येते, आणि ती अधिक चांगली दडपता येते. ज्याने पुढल्या चाकांत हजार पौंडांची चकाकी बसविली, तो मागल्या जुन्या नळीकडे वाकून पाहील हा संभव कमीच. खर्च हाच त्याचा पुरावा होऊन बसतो. आजारी वडिलांस शहरातील सर्वांत महागड्या दवाखान्यात ठेवून त्यांच्याजवळ घटकाभर न बसणारा मुलगा आपल्या परिचयाचा आहे. त्याचा हिशेब असाच असतो. म्हणजे दोन्ही पक्ष वरवर विरुद्ध दिसले तरी एका गोष्टीत त्यांचे ऐक्य आहे: चाक काढून आत पाहण्याची कोणाचीच तयारी नाही. पैशाची काटकसर क्षम्य आहे, कित्येकदा प्रशंसनीयही आहे. पाहण्याची काटकसर मात्र ज्या वस्तूवर परक्याचा जीव अवलंबून आहे तिच्या बाबतीत आम्हांस क्षम्य वाटत नाही.

कोणी म्हणेल की पाहण्यासाठी सरकार आहे, कायदे आहेत. आहेत खरे, आणि त्यांनी मोठे काम केले आहे. ह्याच गाडीचे उदाहरण पाहा. अमेरिकेने १९६८ पासून असा नियम केला की गाडीच्या ब्रेकांची नळीव्यवस्था दोन स्वतंत्र भागांत असावी, म्हणजे एक फुटली तरी दुसरीने गाडी थांबेल. ॲबिंग्डनच्या कारखान्यातून अमेरिकेस जाणाऱ्या गाड्या तशा होऊ लागल्या. त्याच छपराखाली तयार होऊन इंग्लंडातच राहणाऱ्या गाड्या पुढे कित्येक वर्षे एकेरी व्यवस्थेवरच चालल्या. कारागीर तेच, ज्ञान तेच. आमच्या विद्यार्थ्याची गाडी ह्या एकेरी जातीची आहे. एक नळी फुटली की हातब्रेकाखेरीज काही उरत नाही.

ब्रिटनमध्ये जुन्या गाड्यांची सक्तीची तपासणी १९६० साली सुरू झाली, आणि तीत ब्रेक, दिवे व स्टिअरिंग ह्यांना पहिले स्थान होते. पण २० मे २०१८ पासून, ज्या गाडीस चाळीस वर्षे होऊन गेली आणि जिच्यात मोठे फेरफार झालेले नाहीत, तिला ह्या वार्षिक तपासणीतून मोकळीक मिळाली. शेवटची एम. जी. बी. १९८० सालची, म्हणजे २०२० पासून ही सगळी जातच वयोमानाने ह्या सवलतीस पात्र ठरली. गाडी रस्त्यास योग्य ठेवण्याची जबाबदारी मालकावर पूर्वीइतकीच आहे. वर्षातून एकदा पाहणारा परका डोळा तेवढा गेला. ह्या सवलतीची बाजू समजण्यासारखी आहे: अशा गाड्या थोडक्या फिरतात, आणि त्यांचे मालक त्यांस पोटच्या पोराप्रमाणे सांभाळतात. तथापि पोटच्या पोराचे दोष आईबापांस सर्वांत शेवटी दिसतात, हेही आपण जाणतोच. सक्ती नसली तरी स्वेच्छेने तपासणी करून घेण्यास मज्जाव नाही. विद्यार्थ्याने ती दर वर्षी करून घ्यावी आणि तिचा खर्च ब्रेकांच्याच खर्चात धरावा, असे आम्ही त्यास कळविले आहे.

आता एक कठोर आक्षेप. ज्यास ब्रेक परवडत नाहीत त्याने स्पोर्ट्स कार ठेवावीच कशाला? हौस ही काही गरज नव्हे. आणि हौसेसाठी रस्त्यावरील पोरासोरांचा जीव टांगणीस लावणे हा निव्वळ स्वार्थ आहे. ह्या आक्षेपात बळ आहे, आणि ज्याच्या गाडीची नळी आज गळते आहे व ती बदलण्यास आज पैसे नाहीत, त्याने गाडी बाहेर काढू नये हे आम्हांस निरपवाद मान्य आहे. पण आक्षेपक त्याच्या पुढे जाऊन देखण्या वस्तूंवर प्रेम करण्याचा हक्क श्रीमंतांकडे सोपवू पाहतो, तेथे आम्ही थांबतो. कारण गरीब मालकाच्या हाती असा एक उपाय आहे की ज्यास दमडीही लागत नाही. गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १०० ऐवजी ७० किलोमीटरने गाडी हाकली तर ब्रेकांनी पचवावयाची उष्णता निम्म्याहूनही किंचित कमी होते. जगातील कोणताही ब्रेकसंच इतक्या स्वस्तात इतके काम करीत नाही. शिवाय ताशी १०० च्या वेगात, समोर काही दिसून पाय पेडलपर्यंत जाण्यात एक सेकंद गेला तरी गाडी २८ मीटर पुढे जाते; तेवढ्या अंतरात ब्रेकांचा काही संबंधच येत नाही.

ह्यावर हौशी माणूस हसेल. स्पोर्ट्स कार घेऊन सत्तरने चालवावयाची, म्हणजे गवई बोलावून त्यास गुणगुणावयास सांगण्यासारखेच! हसू देत. पण सुधारलेल्या ब्रेकांचे एक दुखणे असे आहे की ते माणसास धीट करतात. १९८० च्या दशकात म्युनिक शहरातील काही टॅक्सींस चाक जाम होऊ न देणारे नवे ब्रेक बसवून त्यांची तुलना साध्या ब्रेकांच्या टॅक्सींशी करण्यात आली. अपघातांत लक्षणीय घट आढळली नाही, उलट नव्या ब्रेकांचे चालक अधिक बेदरकारपणे हाकीत असल्याचे दिसले. ब्रेक सुधारले त्या दिवसापासून महिनाभर मालकाने पूर्वीच्याच वेगाने गाडी चालवावी, म्हणजे सुधारणेचा लाभ रस्त्यास मिळाला की त्याच्या स्वतःच्या चैनीस, हे त्याचे त्यालाच कळेल.

राहिला स्वतःच्या हाताने काम करून मजुरी वाचविण्याचा प्रश्न. ही काटकसर आम्हांस मनापासून आवडते, कारण हीत पैसा वाचतो तो पाहण्याचे काम वाढवून. ज्याने स्वतः चाक काढले, ड्रम उघडला, त्यास आपल्या गाडीची प्रकृती कळते. नळीतील हवा काढण्यास दोघे लागतात. एकाने पेडल दाबावे व दुसऱ्याने चाकापाशी बसून निपल उघडावे. ह्या निमित्ताने घरातील दुसऱ्या माणसासही गाडीची स्थिती समजते, हा लाभ लहान नव्हे. पण येथेही दोन गोष्टी सांभाळावयास हव्यात. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे. ब्रिटनने त्याच्या उरल्यासुरल्या वापरावर १९९९ साली बंदी घातली, तथापि बरीच वर्षे न उघडलेल्या ड्रममध्ये ते आजही असू शकते. ती धूळ फुंकून किंवा हवेच्या दाबाने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या छातीत ती जावी इतकी कोणतीही मजुरी मोठी नाही. दुसरे असे की, मागले ब्रेक अधिक जोरकस करण्याच्या फंदात पडू नये. थांबताना गाडीचा भार पुढे झुकतो व मागली चाके हलकी होतात. ती आधी जाम झाली तर गाडी गर्रकन उलट फिरते. मूळच्या कारागिरांनी पुढल्या-मागल्या बळाचे जे प्रमाण ठरविले ते विचारपूर्वक ठरविलेले आहे. आणि एवढे सर्व स्वतः करूनही शेवटी एकदा जाणत्या मेकॅनिककडून ते तपासून घ्यावे. आपल्याच हस्ताक्षरातील चुका आपणांस दिसत नाहीत, हे तर आम्ही मास्तर लोक जन्मभर सांगत आलो आहोत.

विद्यार्थ्याच्या पत्राच्या शेवटी सहज लिहिलेले एक वाक्य होते: पुढल्या महिन्यात त्याचे आईवडील तिकडे जाणार आहेत, आणि वडिलांना ह्या गाडीतून फेरी मारून आणण्याचा त्याचा बेत आहे. वडील अर्थातच मुलाच्या शेजारी निःशंक बसतील; ब्रेक कसे आहेत हे ते विचारणार नाहीत. मग नळीव्यवस्था एकेरी आहे, एक नळी गेली तर हातब्रेकाखेरीज आधार नाही, हे त्यांस आधी सांगावे काय? सांगितल्याने फेरीची मजा जाईल, कदाचित ते बसणारही नाहीत. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसास विचारणे अशक्य आहे, म्हणून त्याच्यासाठी आपण आपल्या मनास विचारतो; परंतु शेजारी बसणाऱ्यास विचारता येते, आणि विचारता येत असता न विचारणे ही निराळी गोष्ट झाली. आम्ही त्यास लिहिले आहे की नळ्या बदलून झाल्यावर, द्रव नवे भरल्यावर, तपासणी उरकल्यावर वडिलांना गाडीजवळ न्यावे, टप उघडण्यापूर्वी हे सगळे सांगावे, आणि मग विचारावे.